उन्हाळ्यात उघडणारी, पावसाळ्यात मिटणारी भेग : काळ्या मातीवरील घरांसाठी समस्या निवारण

लक्षणे

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जोत्याकडे तिरकी उतरणारी भेग मार्चमध्ये केसाएवढी असते, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्यात पोस्टकार्ड सरकते आणि ऑगस्टमध्ये ती शोधावी लागते. दिवाळीच्या रंगकामात तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली जाते. पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ती त्याच जागी, त्याच वळणाने पुन्हा उघडते. आपल्या घरात असे होत असेल आणि घर काळ्या मातीवर बांधलेले असेल, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या भागांत घरांच्या बांधकामावर देखरेख करताना हा एकच दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत इतक्या वेळा चुकीचा दुरुस्त केला आहे, की तपासणीचा क्रम एकदा नीट लिहून ठेवावा असे वाटले.

भेगेच्या जोडीला साधारणपणे पुढील गोष्टी दिसतात. एप्रिल-मेमध्ये जोते आणि बाहेरची जमीन यांच्यात फट पडते आणि ती बोट जाईल इतकी रुंद होते. आवारातील मोकळी जमीन चौकटीचौकटीने भेगाळते. काही दरवाजे पावसाळ्यात चौकटीत घासतात. लाकूड फुगल्यामुळे असे होते असे म्हणून आपण ते रंध्याने तासून घेतो, पण लोखंडी चौकटीतील लोखंडी दारही घासू लागले की ते स्पष्टीकरण पुरत नाही. मधल्या खोलीतील फरशी किंचित उंच होते व सांडलेले पाणी भिंतीकडे वाहू लागते. कुंपणाची भिंत तर सर्वांत आधी वाकते, कारण तिच्यावर वजन नसते आणि तिचा पाया बहुधा हातभरच खोल असतो.

काही भेगा या दोषाच्या नसतात आणि त्या आधीच बाजूला काढाव्यात. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या केशभेगा गिलाव्याला पाणी कमी मारल्याच्या असतात. खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यातील सरळ उभी भेग दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्याची असते. स्लॅबच्या लगेच खालून जाणारी आडवी भेग गच्ची उन्हाने तापून सरकल्याची असते. मात्र खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीने धावणारी, कडेला गंजाचा तांबूस डाग असलेली भेग आतील सळई गंजून फुगल्याची खूण असते. ती दिसल्यास पुढे वाचत न बसता थेट संरचना अभियंत्याकडे जावे.

हे का घडते

दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. विहीर खणताना तो कसा कुजतो हे उघड्या डोळ्यांनी दिसते. तळाशी पक्का खडक, त्याच्या वर कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले गोटे, त्यांच्याही वर हाताने चुरा होणारा मुरूम आणि सर्वांत वर काळी माती. लडाखसारख्या प्रदेशात खडक फोडण्याचे काम मुख्यतः थंडी करते : फटीतील पाणी गोठते, त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि फट रुंदावते; बारीक मातीत तर गोठणाऱ्या थराकडे खालचे पाणी ओढले जाऊन बर्फाचे पातळ थर साचत जातात व रस्ता किंवा पाया वर उचलला जातो. आपल्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, तेवढाच आपला हिमाशी संबंध. येथे खडकाला कुजवण्याचे काम ऊन आणि पाणी करतात, आणि त्यातून मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज तयार होते. त्याचे कण अतिशय पातळ थरांचे असतात. पाणी त्या थरांच्या मध्ये शिरते आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. वाळल्यावर ते पुन्हा जवळ येतात. म्हणजे बर्फ न होताही जमीन उचलली जाते आणि खचते, आणि तेही दर वर्षी.

शेतात हाच गुण वरदान ठरतो. उन्हाळ्यात भेगांमध्ये वरची भुसभुशीत माती पडते, पावसात भेगा मिटतात आणि माती आपोआप खालीवर होते, म्हणूनच काळ्या मातीला स्वतःची नांगरट स्वतः करणारी माती म्हणतात. आपल्या पूर्वजांनी काळी पिकासाठी आणि पांढरी वस्तीसाठी अशी वाटणी उगीच केली नव्हती. गावठाण पांढरीवर राहिले. आता भूखंड पडतात ते काळीवर, म्हणजे काल-परवापर्यंत कापूस असलेल्या शेतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक तपासणी तिच्यावरच उभी आहे. माती सर्वत्र सारखी फुगली किंवा सारखी आकसली, तर घर थोडे वर जाईल, थोडे खाली येईल आणि भिंतीला काहीही होणार नाही. भेग पडते ती एका कोपऱ्याखालची माती ओली आणि दुसऱ्या कोपऱ्याखालची कोरडी असली म्हणजे. तेव्हा भेगेत काय भरावे हा प्रश्न नंतरचा. पाणी कोठे जास्त होते आणि कोठे कमी पडते, हे आधी शोधावे.

पहिली तपासणी : पेन्सिल आणि वही

खर्च शून्य. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. भेगेवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागा ठरवून तेथील रुंदी पातळ पट्टीने मोजावी आणि वहीत नोंदवावी. निदान मेअखेर आणि सप्टेंबरअखेर अशा दोन नोंदी हव्यातच. वर्षभर दर महिन्याला घेतल्या तर उत्तमच. भेग जिवंत आहे की मेलेली, हे यावरून कळते. वर्षभर एकाच रुंदीची राहणारी भेग म्हणजे बांधकामानंतर पाया एकदा बसला तेव्हाची जुनी जखम. ती बुजवून विसरावी. ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग आपल्या विषयाची. आणि प्रत्येक ऋतूत पुढेच जाणारी, कधीही न मिटणारी भेग तिसऱ्या जातीची असते. तिच्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

रुंदीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे भेग वर जास्त उघडी आहे की खाली. घराचा कोपरा खचत असेल, तर तो बाहेर कलतो आणि भेग वरच्या टोकाला रुंद होते. कोपरा उचलला जात असेल, तर ती खालच्या टोकाला रुंद होते. हे मला कोणी शिकवले नाही, एका भेगेनेच शिकवले.

एका निवृत्त गुरुजींच्या घराची ती भेग मी लागोपाठ दोन उन्हाळ्यांत भरली. उन्हाळ्यात भेग उघडते, म्हणजे कोपऱ्याखालची माती वाळून खचते, असे माझे सरळसोट गणित होते. म्हणून त्या कोपऱ्याशी रोज पाणी सोडायला मीच सांगितले होते. तिसऱ्या मेमध्ये भेग अधिकच रुंद झाली. गुरुजींच्या पत्नी चहा देताना म्हणाल्या, "भाऊ, पानी आलं का हे भेग आपोआप बुजते, तुमी काऊन सिमेंट वाया घालता?" त्या बोलत असताना मी पहिल्यांदा भेगेच्या खालच्या टोकाकडे नीट पाहिले. वर ती जेमतेम दोन मिलिमीटर होती आणि जोत्याजवळ पाच. त्या टोकापासून चार हातांवर खिडकीतील कूलरची नळी होती, आणि तिच्यातून टपकणाऱ्या पाण्याने भिंतीच्या बुडाशी ताटाएवढे हिरवे शेवाळ धरले होते. भोवतालची सगळी जमीन वाळून खाली जात होती आणि कूलरच्या कृपेने हा एकच कोपरा फुगून वर राहत होता. पाऊस आला की सगळीकडची माती फुगून त्याच्या पातळीला येई आणि भेग मिटे. मी त्यात आणखी पाणी ओतायला लावले होते. नळीला दहा फुटांचा पाइप जोडून पाणी दूर सोडले, पुढच्या उन्हाळ्यात भेग एक मिलिमीटरच्या पुढे गेली नाही.

दुसरी तपासणी : घराभोवती एक फेरी, शक्यतो भर पावसात

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरावे. कोरड्या दिवशी सर्व काही ठीक दिसते. गच्चीच्या पन्हळीचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडते का? उभा पाइप जमिनीपासून वीतभर वरच संपतो का? आवाराचा उतार रस्त्याकडे आहे की घराकडे? शेजारच्या भूखंडावर भर टाकून तो उंच केला असेल, तर त्याचे पाणी आपल्या जोत्याशी तुंबते का? नंतर उन्हाळ्यात तीच फेरी पुन्हा मारावी. या वेळी कूलर, भांडी घासण्याची मागची मोरी, धुण्याचा दगड, टाकी भरून वाहिल्यावर पाणी पडते ती जागा आणि भिंतीला लागून केलेले फुलझाडांचे वाफे पाहावेत. भिंतीलगतच्या वाफ्याला रोज दोन बादल्या पाणी घालणे म्हणजे त्या एकाच भिंतीखाली वर्षभर पावसाळा ठेवणे होय.

यातील बहुतेक दुरुस्त्या काही हातांच्या पाइपात आणि एका दिवसाच्या मजुरीत होतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक घरांचे काम येथेच संपले. उरलेली तपासणी त्यांना लागलीच नाही.

तिसरी तपासणी : न दिसणारी गळती

रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी कोणी नळ उघडण्यापूर्वी पुन्हा पाहावा. मीटर नसेल तर गच्चीवरील टाकीत आणि जमिनीखालच्या हौदात पाण्याच्या पातळीला खडूने खूण करावी. हौदाची पातळी एका रात्रीत बोटभर उतरली, तर ते पाणी कोठे गेले हे वेगळे सांगायला नको. जमिनीखालचा हौद हा या दोषातला सर्वांत मुरलेला गुन्हेगार आहे, कारण माती आकसली-फुगली की आधी हौदच तडकतो आणि मग तडकलेला हौद मातीला आणखी पाणी पाजतो.

सांडपाण्यासाठी कपड्यांची निळ बादलीभर पाण्यात गडद कालवून मोरीत आणि शौचालयात ओतावी आणि चेंबरचे झाकण उघडून पाहावे. निळे पाणी ओतले तेवढे आणि लगेच येत नसेल, तर मधला पाइप फुटला आहे किंवा सांध्यातून निखळला आहे. सेप्टिक टँक घराच्या भिंतीला खेटून असल्यास तिच्या बाजूची भेग इतर भेगांपासून वेगळी मोजावी.

चौथी तपासणी : झाडे

निलगिरी, पिंपळ, सुबाभूळ, बांबू ही झाडे उन्हाळ्यात मातीतून पुष्कळ पाणी ओढतात आणि त्यांच्या बाजूचा कोपरा इतरांपेक्षा जास्त वाळतो. भेग वर रुंद, आणि कोपऱ्याच्या दिशेने मोठे झाड, असा मेळ बसला तर संशय पक्का. झाड जितके उंच, निदान तितके ते घरापासून दूर असावे, हा ढोबळ नियम मी पाळतो. मात्र जुने मोठे झाड एका दिवसात तोडू नये. इतकी वर्षे ते जे पाणी शोषत होते ते आता मातीत राहते, माती हळूहळू फुगते आणि खचणारा कोपरा उचलला जाऊ लागतो. फांद्या टप्प्याटप्प्याने, दोन-तीन वर्षांत कमी कराव्यात. शहरात झाड तोडण्यासाठी परवानगी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

पाचवी तपासणी : लेव्हल पाइप आणि ओळंबा

येथवर काही सापडले नसेल तर गवंड्याकडील पारदर्शक लेव्हल पाइप एका दिवसासाठी मागून आणावा. जोत्याची कड किंवा विटांचा एखादा थर बांधताना नक्कीच समपातळीत घेतलेला असतो; आज तो कोणत्या कोपऱ्याला किती वर-खाली आहे हे पाइपातील पाणी सांगते. सर्व कोपऱ्यांची आणि मधल्या फरशीची नोंद मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये घ्यावी. भेग फक्त परिणाम दाखवते, पातळी मात्र नेमका कोण हलतो आहे ते दाखवते, आणि बऱ्याचदा हलणारा कोपरा भेगेच्या कोपऱ्याहून वेगळाच निघतो. चारही कोपरे खाली आणि मधली फरशी वर असे दिसले, तर घराखालची माती वर्षानुवर्षे झाकली गेल्याने मध्ये ओलावा साचला आहे आणि कडा उन्हाळ्यात वाळत आहेत, असे समजावे. भिंतींना ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेले वजन, लावून त्या किती कलल्या आहेत तेही लिहून ठेवावे.

सहावी तपासणी : माती स्वतः

जोत्यापासून दीड-दोन हात दूर, भेगेच्या बाजूला, एकच लहान खड्डा घ्यावा. पायाच्या तळापर्यंत पोहोचला की थांबावे आणि पायाखाली अजिबात खणू नये. भिंतीच्या लांबीने चर खणणे तर सर्वथा वर्ज्य. हे काम पावसाळ्यात करू नये आणि खड्डा त्याच दिवशी ठोकून भरावा. मजूर आत असताना काळ्या मातीची उभी बाजू सूचना न देता ढासळते, म्हणून कंबरेपेक्षा खोल जायचे असेल तर कडा उतरत्या ठेवाव्यात. खड्ड्यात पाहायचे ते इतकेच : पाया काळ्या मातीतच संपला आहे की मुरमापर्यंत गेला आहे. ऋतूंप्रमाणे ओलावा बदलणारा थर साधारणतः दीड मीटरपासून साडेतीन मीटरपर्यंत खोल असतो. तीन फुटांचा पाया त्या थरातच तरंगत असतो. टेकडीच्या पायथ्याला मुरूम चार-पाच फुटांवर लागतो, पण पूर्णेच्या खोऱ्यात, विशेषतः खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, मातीचा थर इतका खोल आहे की "मुरूम लागेपर्यंत खणा" हा सल्ला तेथे कोणी देऊ नये.

खड्ड्यातली मूठभर माती घरी आणून तिची फुगण्याची वृत्ती पाहता येते. प्रयोगशाळेतील चाचणीत १० ग्रॅम कोरडी, बारीक चाळलेली माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि २४ तासांनी दोन्हींतील मातीची उंची मोजतात. रॉकेलने ही माती फुगत नाही, म्हणून ते मूळ माप ठरते. पाण्यातील माती रॉकेलमधील मातीच्या दुप्पट उंच झाली, तर फुगवटा १०० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे ५० टक्क्यांच्या आत कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्याच्या पुढे अतिशय जास्त. घरी दोन सारख्या अरुंद काचेच्या बाटल्या, मैद्याच्या चाळणीतून चाळलेली माती आणि बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी वापरून अंदाज येतो. खारपाणपट्ट्यातील बोअरचे पाणी वापरू नये, त्यातील क्षारांमुळे माती कमी फुगते आणि फसगत होते. रॉकेल चुलीपासून दूर ठेवावे, हे सांगण्याची गरज नसावी.

या चाचणीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. भरावासाठी आणलेला मुरूम याच बाटल्यांत तपासावा. ट्रॅक्टरवाला ज्याला मुरूम म्हणतो, त्यात अर्धी कुजलेली काळी माती अनेकदा असते आणि ती फुगते.

सातवी पायरी : घराला पदर लावणे

पाण्याच्या वाटा बदलूनही भेग उघडत असेल, तर घराभोवती चारही बाजूंनी निदान दीड मीटर रुंदीचा फरसबंदी पट्टा करावा, ज्याला सर्व जण प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. यामुळे भिंतीलगतची माती पावसात एकदम भिजत नाही आणि उन्हात एकदम वाळत नाही. ओलावा बदलण्याची रेघ भिंतीपासून दीड मीटर बाहेर ढकलली जाते. वरची काळी माती फूट-दीड फूट काढून तपासलेला, न फुगणारा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून ठोकावा, त्यावर काँक्रीट करावे आणि दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार बाहेर द्यावा. काँक्रीट भिंतीला चिकटवू नये. मध्ये बोटभर सांधा सोडून त्यात डांबर भरावे; चिकटवलेला पट्टा माती फुगल्यावर भिंतीलाच वर ओढतो. पट्टा एकाच बाजूला करणे हे न करण्यापेक्षा वाईट, कारण त्याने ओलाव्यातील फरक वाढतो. तीन बाजू करून पैसे संपले म्हणून चौथी सोडलेले एक घर मला माहीत आहे. त्या चौथ्या भिंतीला पूर्वी नसलेली भेग आली.

न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर काळ्या मातीवर ठोकून तिचा फुगवटा दाबून धरता येतो, हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवले आणि कालव्यांच्या अस्तरांसाठी ती पद्धत भारतीय मानकात आली. मुरमाचा थर नीट ठोकण्याचा माझा आग्रह त्यातूनच आला आहे. याउलट पायाभोवती नुसती वाळू भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; वाळूतून पाणी बाहेर जाण्याची वाट ठेवली नसेल, तर तो वाळूचा चर म्हणजे पायाभोवती बांधलेला हौदच होतो.

भेग केव्हा आणि कशाने बुजवावी

हे काम सर्वांत शेवटी, पाणी आटोक्यात आल्यावर आणि निदान एक उन्हाळा मोजमाप घेतल्यावर करावे. मेमध्ये पूर्ण उघडलेल्या भेगेत कडक सिमेंट भरले, तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही. उघड्या खडकावर असेच घडते : रात्रीच्या गारव्यात खडक आकसून फट रुंदावते, तीत खडा उतरतो आणि दुपारी खडक फुगला की तोच खडा पाचरीचे काम करतो. भिंतीतील सिमेंटची पाचर शेजारी नवी भेग पाडते आणि गवंडी म्हणतो, "बघा, माझी भेग उघडली नाही." जोत्यालगत जमिनीला पडलेल्या फटीत वीटतुकडे किंवा काँक्रीट ठासण्याचा परिणामही हाच, फक्त तेथे माती फुगून पायाला आडवा रेटा देते. उलट ऑगस्टमध्ये मिटलेल्या भेगेवर लांबी फिरवणे म्हणजे ती मेपर्यंत झाकून ठेवणे.

डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे भेग निम्मी उघडी असताना, ती इंग्रजी व्ही आकारात थोडी खोदून धूळ ब्रशने काढावी आणि ताणता-दाबता येणारा अॅक्रिलिक किंवा पॉलिसल्फाइड सीलंट भरावा. वर गिलाव्याची जाळी लावून रंग द्यावा. दोन मिलिमीटरपर्यंत हलणाऱ्या भेगेला हे पुरते. विटांच्या सांध्यांत सळया घालून भिंत शिवण्याचे काम परिणामकारक असते, पण पाणी आटोक्यात आलेले नसताना भिंत शिवली, तर शिवण धरून राहते आणि भिंत दुसरीकडे फाटते.

कोठे थांबावे

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर वरील सर्व प्रयोग बंद करून संरचना अभियंत्याला बोलवावे. भेग पाच मिलिमीटरच्या पुढे गेली आहे, किंवा एकाच ऋतूत दुप्पट झाली आहे. भेगेवरून बोट फिरवल्यास एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आलेली लागते. भेगेतून पलीकडचा उजेड दिसतो. पावसाळा संपूनही ती मिटलेली नाही. खांब, तुळई किंवा स्लॅब यांना तडा आहे. भिंतीचा ओळंबा मेपासून सप्टेंबरपर्यंत स्पष्ट बदलला आहे. शेजारी तळघरासाठी खोदकाम सुरू झाल्यावर भेगा अचानक आल्या आहेत. या शेवटच्या बाबतीत दिवस मोजत बसू नये, आणि त्या भिंतीलगतच्या खोलीत कोणी झोपू नये.

कुंपणाच्या भिंतीला एवढे सोपस्कार नकोत. ती कलली असेल तर दोर बांधून लोकांना दूर ठेवावे, पाडावी आणि तुकड्यातुकड्यांत, मध्ये सांधे सोडून नव्याने बांधावी.

अभियंता आधी मातीचा अहवाल मागेल. ही चाचणी बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत शुल्क भरून होते. त्यानंतर तो जे उपाय सुचवतो ते आपल्या गवंड्याच्या आवाक्यातले नसतात. पायाखाली आधार घालणे हे काम भिंतीचे छोटे तुकडे पाडून, एकाआड एक, मोजून करावे लागते. सलग खणले तर भिंत बसते. नवीन खोली वाढवायची असल्यास अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी घंटेसारखा फुगवटा असलेले खांब, हा काळ्या मातीतला भरवशाचा मार्ग आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तो आपल्याकडे रुळवला. फुगवट्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट असतो, पाइल ऋतूंच्या हालचालीच्या थराखाली, म्हणजे निदान साडेतीन मीटर खोल नेतात, आणि त्यांना जोडणाऱ्या तुळईखाली मातीला फुगण्यासाठी मुद्दाम पोकळी सोडतात. काम पाहायला गेल्यावर ती पोकळी कोणी भरून टाकलेली नाही ना, एवढे अवश्य वाकून बघावे. मजुरांना ती राहून गेलेली चूक वाटते आणि ते मोठ्या निष्ठेने तीत मुरूम ठासतात.

भेग रसायनाने एका दिवसात कायमची बंद करून देणारे लोक उन्हाळ्यात दारोदार येतात. त्यांना हमी पुढच्या मेअखेरपर्यंतची आणि लेखी मागावी.

अभियंता येईल त्या दिवशी पेन्सिलीच्या खुणांवर रंग दिलेला नसावा. तारखांची वही, पातळीच्या नोंदी, खड्ड्यात पाया किती खोल सापडला तो आकडा आणि घराचा मूळ नकाशा त्याच्या हाती द्यावा. वर्षभराच्या नोंदी नसतील तर तोही आधी पेन्सिलच काढतो आणि पुढच्या सप्टेंबरात परत येतो.